ट्रम्पेट नव्याने शिकताना

सुभेदार साहेबांनी पहिल्या दिवशी मला ट्रम्पेटची पेटी उघडूच दिली नाही. देवळाली कॅम्पातील त्यांच्या घराच्या ओसरीत त्यांनी वर्तमानपत्राचा तळहाताएवढा तुकडा फाडला, भिंतीला टेकवला, त्यावर फुंकर धरली आणि हात काढून घेतला. कागद भिंतीला चिकटून राहिला. मी मनात आकडे मोजत होतो. अठरा झाले तेव्हा तो खाली पडला. मग त्यांनी तोच तुकडा माझ्या हातात दिला. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि अकरा वर्षे लग्नांच्या वराती आणि गणपतीच्या मिरवणुका वाजवत आलो होतो, त्यामुळे दमसासाबद्दल मला कधी शंका आली नव्हती. माझा कागद चार म्हणेपर्यंत घसरला. सगळी हवा मी पहिल्याच क्षणी सोडून दिली होती.

आमचे घर जुन्या नाशकातले आणि बँड आजोबांपासूनचा. आमच्याकडे शिकणे म्हणजे मोठ्यांच्या मागे चालत वाजवणे. आधी हातात खुळखुळा, मग झांज, मग एखादा वादक आजारी पडला की त्याचा ट्रम्पेट किंवा युफोनियम, म्हणजे जाड आवाजाचे मोठे पितळी वाद्य. आबा, म्हणजे माझे वडील, गाणे गुणगुणून दाखवत, मी बोटे शोधत असे आणि दोन दिवसांत ते गाणे रस्त्यावर वाजत असे. सूर लिहिलेला कागद मी लहानपणी पाहिला नाही आणि त्याची उणीवही कधी भासली नाही. आवाज मात्र मोठाच हवा असे. मोकळा रस्ता, जनरेटरची घरघर, शेजारून जाणारी दुसरी वरात आणि समोर नाचणारी दीडशे माणसे यांच्यावर मात करायची तर दुसरा इलाज नसतो. ओठांवर माउथपीस दाबून धरायचा आणि छातीत असेल नसेल ती हवा घालायची, एवढेच तंत्र मला ठाऊक होते. वरात संपली की वरच्या ओठावर माउथपीसची लालभडक कडी उमटलेली असे. ती कडी मी मेहनतीची खूण समजत होतो.

नव्याने शिकायचे ठरले ते मुंबईतल्या एका ध्वनिमुद्रणामुळे. ओळखीतून दोन ट्रम्पेटवाल्यांचे बोलावणे आले होते आणि त्यांतला एक मी होतो. खुर्चीसमोरच्या स्टँडवर कागद ठेवलेला होता. मी संयोजकांना म्हणालो, एकदा ऐकवा, लगेच वाजवतो. ते सज्जन गृहस्थ होते, रागावले नाहीत. परंतु स्टुडिओचे तास मोजले जात होते आणि प्रत्येकाला ऐकवत बसण्याची तिथे रीत नव्हती. माझा भागसुद्धा दुसऱ्याच वादकाने वाजवला. मला ठरलेले पैसे मिळाले. परतीच्या गाडीत त्या पैशांकडे पाहवत नव्हते.

सुभेदार साहेब लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले. पचमढीला लष्कराचे संगीत विद्यालय आहे, तिथे त्यांचे शिक्षण झाले होते. परदेशातल्या संगीत महाविद्यालयात ट्रम्पेटचा विद्यार्थी ज्या क्रमाने शिकतो त्याच क्रमाने ते शिकवत: श्वास, ओठ, लांब स्वर, जीभ, सप्तके, वाचन आणि शेवटी रचना. त्या क्रमाला एक बाहेरचा मापदंड असावा म्हणून त्यांनी माझ्यासमोर लंडनच्या असोसिएटेड बोर्ड ऑफ द रॉयल स्कूल्स ऑफ म्युझिकच्या परीक्षा ठेवल्या. हे मंडळ १८८९ सालचे. त्याच्या आठ ग्रेड असतात. पहिलीपासूनच सुरुवात करावी अशी सक्ती नाही, थेट पाचवीला बसता येते. मात्र सहावीच्या प्रात्यक्षिकाला बसायचे असेल तर त्याआधी पाचवीची लेखी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ते म्हणाले, "तुझी बोटं सातवीची आहेत, ओठ तिसरीचे आणि डोळे अजून बालवाडीत. पाचवीचं बघू."

पहिले तीन महिने एकही सुपारी घ्यायची नाही, ही त्यांची अट होती आणि मध्ये तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त येत होते. त्या अटीवरून घरात जे झाले ते सविस्तर लिहीत नाही. आबांचे म्हणणे चुकीचे नव्हते: बँडमध्ये एक ट्रम्पेट कमी झाला तर बाहेरचा माणूस आणावा लागतो आणि त्याची मजुरी आमच्या घरातूनच जाते. पण पैशांपेक्षाही त्यांना खुपले होते ते निराळेच. "कागदावरचं संगीत म्हणजे परक्याचं," असे ते म्हणाले. मी त्या वेळी गप्प राहिलो. पुढे मला सुचलेले उत्तर आमच्या गावातच होते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वरलिपी तयार केली, अभ्यासक्रम आणि परीक्षा बसवल्या. आणि उत्तरायुष्यात ते नाशकात आश्रम करून राहिले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय १९२१ मध्ये नाशकातच जन्मले. गाणे लिहून शिकवता येते आणि ठरावीक टप्प्यांनी तपासता येते, हा विचार गोदाकाठी शंभर वर्षे जुना आहे. आबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी होय किंवा नाही असे काहीच म्हटले नाही. पण दुसऱ्या दिवशी देवळालीच्या बसचे पैसे त्यांनी स्वतःहून काढून दिले.

ट्रम्पेट ही सरळ केली तर सुमारे दीड मीटर लांबीची नळी आहे. तिच्यातून सूर निघतो तो ओठांच्या कंपनामुळे. ओठ थरथरले नाहीत तर कितीही फुंका, नुसती हवा बाहेर येते. एकही व्हॉल्व्ह न दाबता, केवळ ओठ आणि हवा यांच्या बदलाने सा, प, तार सा, तार ग, तार प असे मोजकेच सूर मिळतात. लष्करातल्या बिगुलावर एवढेच सूर असतात. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीत व्हॉल्व्ह निघाले तेव्हा मधले सूर सहज हाती आले. आम्ही बँडमध्ये त्यांना बटणे म्हणतो. मधले बटण सूर अर्ध्या स्वराने उतरवते, पहिले पूर्ण स्वराने आणि तिसरे दीड स्वराने. एवढा हिशेब मी अकरा वर्षांत कुणाकडून ऐकला नव्हता, जरी माझी बोटे तो रोज करत होती.

सुभेदार साहेबांनी माझी बटणेच काढून घेतली, म्हणजे दाबायची नाहीत असे सांगितले. ट्रम्पेट डाव्या तळहातावर आडवा ठेवायचा, मुठीत धरायचा नाही, आणि ओठांकडे न ओढता मधला सूर काढायचा. पहिल्या आठवड्यात सूर निघालाच नाही. दाब नसेल तर माझ्या ओठांच्या कडांत काहीच ताकद नव्हती; इतकी वर्षे जे काम स्नायूंनी करायचे ते माझा उजवा हात करत होता. तेराव्या की चौदाव्या दिवशी एक बारीक, पातळ, पण स्वच्छ सूर आला आणि तो हलला नाही. साहेब आतून चहा घेऊन येत होते, ते उंबऱ्यावरच थांबले. "हा तुझा पहिला सूर," ते म्हणाले.

त्यानंतर लांब स्वरांचे दिवस आले. चार अंक श्वास, आठ अंक सूर, मग आठ अंक थांबणे. जेवढे वाजवायचे तेवढेच थांबायचे, ओठांत रक्त फिरू द्यायचे. मी पहाटे पांडवलेण्याच्या पायथ्याशी जाऊन बसत असे, कारण वाड्यात सकाळी सहा वाजता हे सूर ऐकून घेण्याची कुणावर सक्ती करणे बरे नव्हते. पावसाळ्यात घरीच बसून, ट्रम्पेटच्या तोंडात म्यूट, म्हणजे आवाज दाबणारे बूच, घालून सराव केला.

सगळ्यात कठीण होते ते हळू, म्हणजे लहान आवाजात, वाजवणे. मोठ्या आवाजात ओठांच्या चुका झाकल्या जातात. आवाज कमी करत गेलो की एका क्षणी सूर तुटतो आणि फक्त फुसकारा उरतो. त्या तुटण्याच्या अलीकडे केसभर अंतरावर थांबून सूर जिवंत ठेवायचा असतो. त्यासाठी हवा कमी लागते असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात हवेचा आधार तितकाच लागतो, फक्त वाट बारीक करावी लागते. माझे मत असे झाले आहे की वरातीच्या वादकाला पहिल्या वर्षी दुसरे काहीही शिकवू नये, हेच शिकवावे. मी हळू वाजवू लागलो तेव्हा माझा मोठा आवाजही बदलला. तो फाटेनासा झाला आणि तीन तासांच्या मिरवणुकीनंतरही ओठावर कडी उमटेनाशी झाली.

एक दिवस आमच्याच बँडच्या जुन्या ट्रम्पेटवर सप्तक वाजवत असताना खालचा रे चढा लागतोय असे साहेबांनी दाखवून दिले. माझा कान तो चढा सूर बरोबर मानायला सरावला होता. त्यांनी कारण सांगितले: तो रे पहिले आणि तिसरे बटण एकत्र दाबून निघतो. प्रत्येक बटणाची नळी एकट्याच्या हिशेबाने कापलेली असते, त्यामुळे दोन एकत्र दाबली की जोडलेली लांबी थोडी अपुरी पडते आणि सूर वर चढतो. त्यासाठीच तिसऱ्या बटणाच्या नळीला सरकणारी स्लाइड आणि बोट घालायला कडी असते. त्या सुराला ती सुमारे अर्धा इंच बाहेर ढकलायची. आमच्या ट्रम्पेटची ती स्लाइड जागेवरून हललीच नाही. आजोबांनी मेरठहून आणवलेल्या त्या वाद्यात ती कित्येक वर्षे कुणी सरकवलीच नव्हती. चार दिवस रॉकेल सोडून, गरम पाण्याचे फडके गुंडाळून आणि शेवटी वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हाताने ती सुटली. आत हिरवट थर साचला होता. ती पहिल्यांदा सरकली आणि रे खाली येऊन नेमका बसला, तेव्हा आबा समोर होते. त्यांनी वाद्य माझ्या हातून घेतले, स्वतः तो सूर स्लाइड आत ठेवून आणि बाहेर काढून आठ-दहा वेळा वाजवला आणि म्हणाले, "म्हणजे क्लॅरिनेटवाल्याशी मी इतकी वर्षं उगाच भांडलो."

वाचनाला मी घाबरलो होतो, पण ते तितके अवघड गेले नाही. पाच रेषा आणि चार घरे दोन महिन्यांत ओळखीची झाली. गोंधळ झाला तो पियानोबरोबर. ट्रम्पेटचा सा हा काळी पाचचा असतो, हे बँडमधल्या प्रत्येकाला ठाऊक असते. कागदावर मात्र त्या सुराला सी असे लिहितात आणि पियानोवर सी म्हणजे पांढरी एक. नाशिकरोडला राहणाऱ्या, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई माझ्या साथीला होत्या. त्यांच्या कागदावरून वाचून मी पहिल्यांदा वाजवले तेव्हा आम्ही दोघेही दचकलो, कारण सगळे एका पूर्ण स्वराने खाली उतरले होते. पियानोचा कागद पाहून वाजवायचे तर ट्रम्पेटवाल्याने प्रत्येक सूर एक स्वर वर वाचायचा, हे ट्रान्सपोझिशन मी त्या दिवशी शिकलो. काळी-पांढरीची जुनी भाषा इथे उपयोगी पडली. ज्याला काळी पाच आणि पांढरी एक यांमधले अंतर हार्मोनियमवर दिसते, त्याला हा हिशेब वेगळा शिकावा लागत नाही.

सुभेदार साहेबांकडे माझ्याबरोबर एक मित्र येऊ लागला होता. तो नाशिक ढोलच्या पथकात ताशा वाजवायचा आणि साइड ड्रम शिकायला आला होता. ताशेवाल्याचे मनगट आधीच तयार असते. त्याला अडचण आली ती दोन्ही हातांचे वजन सारखे करण्याची. परॅडिडल नावाचा धडा असतो: उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा. हा धडा तो ताशाच्या वेगाने पहिल्याच दिवशी वाजवू शकला. साहेबांनी त्याला तो इतका संथ वाजवायला लावला की दोन ठोक्यांमध्ये माणूस श्वास घेऊ शकेल, आणि मग प्रत्येक ठोका कानांनी तपासायला सांगितले. डावा ठोका प्रत्येक वेळी किंचित हलका पडत होता. तो दोष घालवायला त्याला पाच महिने लागले. तालवाद्यांच्या पूर्ण परीक्षेला टिंपनी, म्हणजे सुरात लावता येणारे मोठे नगारे, आणि झायलोफोनसारखी सुरांची वाद्येही लागतात. नाशकात आम्हाला सरावासाठी टिंपनी मिळाली नाही, म्हणून त्याने फक्त साइड ड्रमची, म्हणजे स्नेअर ड्रमची ग्रेड घेतली. इतके तयार हात असलेल्या मुलांच्या शहरात सरावाला दोन टिंपनी असू नयेत, याचे मला आजही वाईट वाटते.

सरावाची पाने आमच्याकडे आर्बां यांची होती. ज्यां-बातिस्त आर्बां पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखेच वाद्य शिकवत आणि त्यांची पद्धती १८६४ मध्ये छापली गेली. जगभरचे ट्रम्पेटवादक आजही तिच्यावर जीभ घासतात. तु-कु-तु-कु हे दुहेरी जिभेचे बोल मी त्यांच्यावरच बसवले. एकदा मी साहेबांना विचारले, अशा महाविद्यालयांत आमच्यासारख्या रस्त्यावरच्या बँडवाल्यांना कुणी उभे करील का. त्यांनी सांगितलेली माहिती मी तेव्हाच वहीत लिहून ठेवली. पॅरिसचे ते महाविद्यालय १७९५ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे एक मूळ १७९२ मध्ये नॅशनल गार्डच्या बँडसाठी काढलेल्या संगीतशाळेत होते. राष्ट्रीय समारंभांत, उघड्यावर, हजारो लोकांसमोर वाजवायला फुंकवाद्यांचे आणि तालवाद्यांचे वादक हवे होते, म्हणून ती शाळा निघाली. मिरवणुकीत वाजवणाऱ्या माणसांना नीट शिकवावे, ही गरज त्या वास्तूच्या पायातच आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते आणि बँडच्या प्रत्येक मुलाला ती सांगावी असे वाटते.

लेखी परीक्षा संगणकावर झाली आणि सुटलो. प्रात्यक्षिकासाठी मुंबईला जायचे होते. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने साहेब, साथीच्या बाई आणि मी निघालो. साथीदार आपला आपणच न्यावा लागतो. ओठ थंड पडू नयेत म्हणून कसाऱ्याच्या बोगद्यांत, जिथे कुणाला त्रास होणार नाही तिथे, मी नुसत्या माउथपीसवर सूर धरत होतो.

परीक्षेचे गुण १५०. तीन रचनांना प्रत्येकी ३०, सप्तकांना २१, न पाहिलेला कागद वाचून वाजवण्याला २१ आणि श्रवणाला १८. शंभरला उत्तीर्ण, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. सप्तके तोंडपाठ वाजवायची असतात. तिथे मी दोनदा अडलो. न पाहिलेल्या कागदासाठी अर्धा मिनिट मिळतो. दुसऱ्या ओळीत माझे दोन सूर चुकले, पण मी थांबलो नाही, कारण वरातीत थांबायचे नसते आणि ती सवय हाडात होती. साहेब नंतर म्हणाले की थांबून दुरुस्त केले असते तर जास्त गुण गेले असते. श्रवणाच्या भागात परीक्षक पियानोवर ओळ वाजवतात आणि आपण ती गाऊन दाखवायची. आबांच्या मागे चालत अकरा वर्षे मी हेच केले होते.

निकाल आला: ११७. रचनांना २५, २४ आणि २२, सप्तकांना १४, वाचनाला १५ आणि श्रवणाला १७. मेरिट तीन गुणांनी हुकले आणि ते सप्तकांत हुकले, याची रुखरुख आहे. आता सहावीची तयारी चालू आहे आणि सप्तके रोज सकाळी सर्वांत आधी घेतो. परीक्षकांनी एका संथ रचनेखाली लिहिले होते की हळू स्वरांना चांगला आधार आहे. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. आबांनी श्रवणाच्या आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, "अठरापैकी?"

त्या डिसेंबरात साहेबांनी आमचा नऊ जणांचा संच उभा केला: लष्करातले तीन निवृत्त वादक, दोन क्लॅरिनेटवाली महाविद्यालयीन मुले, आमच्या बँडचे युफोनियमवाले काका, दुसरा ट्रम्पेट, माझा मित्र साइड ड्रमवर आणि मी. हँडेल यांनी १७४९ मध्ये लंडनच्या आतषबाजीसाठी लिहिलेल्या संगीतातला भाग त्यांनी आमच्यापुरता मांडला. ते संगीत मुळात फुंकवाद्ये आणि तालवाद्यांसाठीच लिहिलेले. राजाला तंतुवाद्ये नको होती आणि पहिल्या मांडणीत नऊ ट्रम्पेट होते. माझ्या कागदावर मध्ये एक जाड आडवी रेघ होती आणि तिच्यावर २८ हा आकडा. म्हणजे अठ्ठावीस बार, तालाची अठ्ठावीस आवर्तने म्हणा, काहीही वाजवायचे नाही, फक्त मोजायचे, आणि एकोणतिसाव्याच्या पहिल्या ठोक्याला एकट्याने, हळू, वरच्या 'प' या सुरावर यायचे.

वरातीत अशी विश्रांती कधी नसते. तालमीत मी एकदा सत्तावीसला आलो होतो आणि एकदा तिसाला. कार्यक्रम देवळालीतल्या एका सभागृहात होता. आबा दुसऱ्या रांगेत, पांढरा सदरा घालून बसले होते. तालमीला ते दोनदा येऊन गेले होते, पण माझ्या कागदाबद्दल काही बोलले नव्हते. माझी विश्रांती सुरू झाली. मी ट्रम्पेट मांडीवर घेतला, पाणी काढून टाकले आणि मोजू लागलो. दहाच्या सुमारास माझी नजर त्यांच्याकडे गेली. त्यांचा अंगठा उजव्या हाताच्या पेरांवरून सरकत होता, एका बारला एक पेर. मी नजर काढून घेतली आणि माझे मोजणे चालू ठेवले. सव्वीसला ट्रम्पेट उचलला, सत्तावीसला श्वास घेतला नाही, अठ्ठाविसाव्याच्या शेवटच्या मात्रेला घेतला. सूर आला तेव्हा आबांचा अंगठा थांबलेला होता.